गोल बाजाराची बदललेली दुकानदारी
करोनाच्या साथीने रायपूरच्या जुन्या बाजारपेठेला नवे व्यवहार शिकवले. पण गल्ला कोणाच्या हाती गेला?

लग्नाचे साहित्य घ्यायचे असो की पूजेचे, हळकुंडे हवी असोत की बांगड्या, रायपूरची गृहिणी आधी गोल बाजाराची वाट धरते. मालवीय रोडवरून आत वळले की ब्रिटिश काळापासूनची ही बाजारपेठ सुरू होते. अरुंद गल्ल्या, दुतर्फा लहान लहान दुकाने आणि त्यांच्यापुढे जमिनीवर पथारी मांडून बसलेल्या बायका. छत्तीसगढी लग्नाला लागणारे पर्रा, बिजना, मौर सगळे इथे मिळते. अशा बाजारात धंदा चालतो तो गर्दीवर, आणि २०२० साली नेमकी गर्दीच वर्ज्य झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी करोना ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले. त्यानंतर आठवड्याभरातच छत्तीसगढचा पहिला रुग्ण सापडला, तोही रायपुरातच. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. रायपूरकरांची सुटका मात्र एका टाळेबंदीने झाली नाही. जुलै २०२० मध्ये पुन्हा बाजार बंद, सप्टेंबरात पुन्हा बंद आणि ९ एप्रिल २०२१ च्या संध्याकाळपासून तर कडकडीत बंद.

या तारखा दुकानदाराच्या नजरेने पाहायला हव्यात. छत्तीसगढात अक्षय्य तृतीयेला 'अक्ती' म्हणतात. त्या दिवशी घरोघरी मुली मातीच्या बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात आणि खऱ्या लग्नांचाही मोठा मुहूर्त असतो. कुंभारांनी केलेल्या पुतरा-पुतरी याच सुमारास बाजारात मांडल्या जातात. २०२० ची अक्ती आली २६ एप्रिलला आणि २०२१ ची १४ मेला. दोन्ही टाळेबंदीत सापडल्या. ज्या धंद्याची वर्षाची कमाई लग्नसराईच्या दोन-अडीच महिन्यांत होते, त्याचे लागोपाठ दोन हंगाम बुडाले. मे २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. ५० माणसांच्या लग्नात आहेराच्या साड्या किती लागणार आणि भांडी किती?

ज्यांची हातावर पोटे होती त्यांचे हाल तर विचारूच नयेत. त्याच मे महिन्यात शहराच्या टोकाला, टाटीबंध चौकात, महाराष्ट्र-गुजरातकडून ट्रकांत उभे राहून आलेले मजूर उतरत होते. त्यांना जेवण आणि पाणी देण्यासाठी रायपूरकर तिथे रात्रंदिवस उभे होते.

दुसरीकडे घरांची कार्यालये झाली. पुण्या-बंगळूरला संगणकाच्या नोकरीत असलेली मुले लॅपटॉप घेऊन आईवडिलांकडे परतली. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, आणि रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे पुष्कळ आहेत. तिथेही हेच चित्र होते. जेवणाच्या टेबलावर मुलाची मीटिंग, दिवाणखान्यात नातवाची शाळा. राज्य सरकारने ७ एप्रिल २०२० रोजीच 'पढई तुंहर दुआर' ही घरबसल्या शिक्षणाची योजना सुरू केली होती. या सगळ्यांना वेळेवर चहा-जेवण देणारी गृहिणी मात्र कोणत्याच हजेरीपटावर नव्हती!

गोल बाजारात घरून काम करण्याची सोय नव्हती. बांगडी हातात चढवून पाहावी लागते, मसाला हुंगून घ्यावा लागतो. तरीही दुकानदारांनी वाट काढली. किराण्याची यादी व्हॉट्सअॅपवर येऊ लागली, साडीचे फोटो जाऊ लागले, सामान घरपोच होऊ लागले. मुख्य फरक पडला तो पैशांच्या देवघेवीत. नोटेला हात लावायची भीती वाटत होती तेव्हा दुकानादुकानांत तो काळा-पांढरा चौकोन चिकटला. एप्रिल २०२० मध्ये देशभरात यूपीआयचे सुमारे १०० कोटी व्यवहार झाले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याचा आकडा १,००० कोटींच्या पुढे गेला. जानेवारी २०२० पासून या व्यवहारांवर दुकानदाराला शुल्क द्यावे लागत नव्हते, हेही त्यामागचे मोठे कारण.

पथारीवाल्यांसाठी १ जून २०२० रोजी केंद्राने 'पीएम स्वनिधी' योजना आणली. सुरुवातीला १०,००० रुपयांचे विनातारण कर्ज, वेळेवर फेडल्यास व्याजात ७ टक्के सवलत आणि मोबाईलवरून पैसे घेतल्यास महिन्याला १०० रुपयांपर्यंत परतावा. सावकाराच्या दराने भांडवल उचलणाऱ्यांना हा आधार मोठाच होता.

पण एक गोष्ट आम्हाला खटकते. पथारी बाईची असते. समोरच्या पाटीवरचा चौकोन पुष्कळदा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्याला जोडलेला असतो, कारण स्मार्टफोन त्याचा! पूर्वी दिवसाची विक्री पदराच्या गाठीत राहायची. तेल किती आणायचे, पोरीच्या फीसाठी काय बाजूला ठेवायचे, हे ती ठरवायची. आता पैसे आल्याचा आवाज तिला ऐकू येतो, पैसे मात्र दुसऱ्याच्या फोनवर जमा होतात. संध्याकाळी तिला ते मागून घ्यावे लागतात.

यावर उपाय आहे आणि तो फारसा अवघड नाही. २०१४ पासून उघडलेल्या जनधन खात्यांत बायकांची खाती निम्म्याहून अधिक आहेत. त्या खात्याला तिचा स्वतःचा मोबाईल क्रमांक जोडून घ्यावा आणि चौकोनही त्याच खात्याचा काढावा. साधा बटणांचा फोन असला तरी बिघडत नाही. त्यावरून यूपीआय वापरण्याची सोय मार्च २०२२ मध्ये सुरू झाली आहे. बँकेत जाताना आधार कार्ड, पासबुक आणि फोन बरोबर न्यावा, आणि गुप्त क्रमांक तिने स्वतःच दाबावा.