छत्रीचं वाढतं बिल

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट, आर्वीपासून खेड्यांपर्यंत घरांवर दिसणाऱ्या डीटीएच छत्रीचं बिल दोन भागांचं असतं: जोडणीचं शुल्क आणि वाहिन्यांची किंमत. दूरसंचार नियामक ट्रायची नवी दरपद्धत 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू झाली, तेव्हा पहिल्या 100 वाहिन्यांच्या जोडणीशुल्काला 130 रुपयांची कमाल मर्यादा होती. 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. हवं तेवढंच घ्यावं, असा हेतू होता. पण सुट्या वाहिन्या महाग आणि गठ्ठा स्वस्त, म्हणून एका मराठी मालिकेसाठी घरात कुणी न पाहणाऱ्या वाहिन्याही विकत घेतल्या जातात. ग्राहकांचा राग इथेच आहे, आणि तो रास्त आहे. जुलै 2024 मध्ये ट्रायने जोडणीशुल्कावरची मर्यादाही काढली.

रिचार्ज संपला की ऐन मालिकेत पडद्यावर सूचना झळकते. म्हणून अनेक जण दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशकडे वळतात. डिसेंबर 2004 मध्ये सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही. खर्च फक्त छत्री आणि सेट-टॉप बॉक्सचा. वर्ध्यात ही छत्री आग्नेयेकडे, 93.5 अंश पूर्वेवरच्या जीसॅट-15 उपग्रहाकडे वळवावी लागते. सह्याद्री वाहिनी त्यावर मोफत दिसते.