छोटी डिझेल मोटार सफाळ्यात कोणाला परवडते?

पालघर तालुक्यातील सफाळे हे पश्चिम रेल्वेवरील वैतरणा आणि केळवे रोड या स्थानकांमधले गाव असून, एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागल्यापासून येथील नोकरदारांची भिस्त प्रामुख्याने रेल्वेवरच राहिली आहे. तरीही बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला जाणारा कामगार, मुंबई-अहमदाबाद महामार्गाने ठाण्याकडे किंवा वापीकडे सतत फिरणारा व्यावसायिक आणि वेळी-अवेळी आजारी माणसाला पालघरला न्यावे लागणारे कुटुंब यांचे चारचाकीवाचून अडते. अशा घरात मोटार घेण्याचा विचार सुरू झाला की पेट्रोल घ्यावे की डिझेल, हा प्रश्न हमखास पुढे येतो; आणि त्याचे उत्तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा गाडी कोणत्या रस्त्यावर, महिन्याकाठी किती आणि कशी चालणार आहे, यावर अवलंबून असते.

‘छोटी’ म्हणजे किती लहान, हे भारतात करव्यवस्थेने ठरवले आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि त्यासाठी पेट्रोल इंजिनाला १,२०० घन सेंटिमीटरची, तर डिझेल इंजिनाला १,५०० घन सेंटिमीटरची मर्यादा घातली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हाही हीच मोजमापे कायम राहिली. राज्याचा मोटार वाहन कर मात्र डिझेलला झुकते माप देत नाही: दहा लाख रुपयांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के, तर तेवढ्याच किमतीच्या डिझेल गाडीला १३ टक्के कर पडतो.

इंजिनाची रीत

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या भागाइतकी दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात सूक्ष्म फवाऱ्याने सोडलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखवलेले तत्त्व हेच आहे. चावी फिरवल्यावर समोर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. सिलिंडर आतून तापवणारा ग्लो प्लग काम करत असल्याची ती खूण असते आणि तो दिवा विझल्यावरच गाडी सुरू करायची असते.

जास्त दाबामुळे इंधनातली ऊर्जा अधिक प्रमाणात कामी येते, शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून थोडी अधिक ऊर्जा असते. डिझेल गाडीचे ॲव्हरेज चांगले असते ते या दोन्ही कारणांनी. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणारा टर्बोचार्जर जोडला की कमी फेऱ्यांवरही इंजिनाला भरपूर ओढ मिळते. सफाळ्याहून वरई फाट्याला जाताना तांदुळवाडीच्या घाटात पाच माणसे आणि सामान घेऊन चढणारी डिझेल गाडी वारंवार गिअर न पाडता चढते, ती या ओढीमुळेच. मात्र चढण संपवून लगेच थांबायचे झाल्यास इंजिन अर्धा-एक मिनिट चालू ठेवावे, कारण अतिशय वेगाने फिरणाऱ्या टर्बोच्या बेअरिंगना थंड करणारे ऑइल इंजिन बंद होताच थांबते.

चढता आणि उतरता काळ

या गाड्यांच्या भारतातील वाटचालीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्यात घडलेली टाटा इंडिका १९९८ च्या अखेरीस १.४ लिटरच्या डिझेल इंजिनासह बाजारात आली आणि डिझेल मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पुढे फियाटचे १,२४८ घन सेंटिमीटरचे मल्टिजेट इंजिन पुणे जिल्ह्यातील रांजणगावात तयार होऊ लागले, तर तेच इंजिन परवान्याने बनवून मारुतीने २००७ मध्ये स्विफ्टमध्ये बसवले. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांना आणि डिझेल ४१ रुपयांना मिळत होते, त्यामुळे त्या सुमारास विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलवर चालणाऱ्या होत्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि ही तफावत आटली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही धूरमर्यादा लागू झाल्यावर छोट्या डिझेल इंजिनाची शुद्धीकरण यंत्रणा इतकी खर्चिक ठरली की मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले.

हिशेब

समजा, डिझेल गाडी करासह सव्वा लाख रुपयांनी महाग आहे. पेट्रोल १०४ रुपये व ॲव्हरेज १६, तर डिझेल ९१ रुपये व ॲव्हरेज २१ आहे. पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे साडेसहा रुपये आणि डिझेलला सुमारे ४ रुपये ३३ पैसे लागतात, म्हणजे किलोमीटरमागे सव्वादोन रुपयांच्या आतच बचत होते आणि जादा दिलेले पैसे वसूल होण्यास जवळपास ५८,००० किलोमीटर जावे लागतात. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याला हे अडीच वर्षांत साधते. सहाशे किलोमीटर फिरणाऱ्याला आठ वर्षे लागतात, तोवर गाडी म्हातारी होऊ लागते. विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याजवळच्या खारवाडेश्रीला २०२५ मध्ये रो-रो सेवा सुरू झाल्याने वैतरणा खाडीला महामार्गावरून घालावा लागणारा मोठा वळसा वाचू लागला आहे, आणि ज्यांची धाव विरारपर्यंतच असते त्यांचे किलोमीटर त्यामुळे आणखी घटतात.

काजळी, पाणी आणि खारी हवा

पैशांपेक्षाही निर्णायक बाब धुराड्यात बसवलेल्या काजळीच्या गाळणीची आहे. डीपीएफ या नावाने ओळखली जाणारी ही गाळणी धुरातील सूक्ष्म कण अडवते आणि ती भरत आली की गाडी स्वतःच तिचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेऊन काजळी जाळून टाकते. त्यासाठी इंजिन तापलेले असताना गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग वेगात चालावी लागते. महामार्गावर हे आपसूक घडते. घर ते स्थानक, स्थानक ते बाजार एवढ्याच फेऱ्या असतील तर गाळणी तुंबते, दिवा लागतो, पिकअप जातो आणि दुरुस्तीचा भुर्दंड वर्षभराच्या इंधनबचतीवर पाणी फिरवतो.

पावसाळ्यात सखल रस्त्यांवर पाणी साचते तेव्हा हवा ओढणाऱ्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी शिरण्याचा धोका असतो. पाणी दाबले जात नसल्याने पिस्टनचा दांडा वाकतो, म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न न करता ढकलून बाहेर काढावी. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचणारे पाणी सर्व्हिसिंगच्या वेळी आठवणीने काढून घ्यावे, आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेमुळे गाडीचा तळ गंजणार नाही याची काळजी घ्यावी.

जुनी गाडी घेणाऱ्याने इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून धूर पाहावा: सतत काळा धूर जादा इंधन किंवा अपुरी हवा सुचवतो, निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, आणि न थांबणारा पांढरा धूर न जळलेल्या इंधनाकडे किंवा सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या कूलंटकडे बोट दाखवतो. नोंदणीची १५ वर्षांची मुदत किती उरली आहे, हेही तपासावे.

शेजाऱ्यांची हवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर निश्चितपणे कर्करोगकारक ठरवला. भारत स्टेज ४ मधील डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ०.०२५ ग्रॅम कण सोडण्याची मुभा होती, ती स्टेज ६ मध्ये ०.००४५ ग्रॅमवर आली. गाळणी काढून टाकलेली गाडी हा सगळा लाभ गमावते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातील औद्योगिक क्षेत्रांमध्ये सर्वाधिक प्रदूषित ठरलेल्या तारापूरच्या परिसरात तर असा खोडसाळपणा कोणत्याही बचतीने समर्थनीय ठरत नाही.

म्हणून रोज महामार्ग गाठणाऱ्या, भार वाहणाऱ्या आणि गाडी आठ-दहा वर्षे सांभाळणाऱ्या सफाळेकराला छोटी डिझेल मोटार आजही योग्य आहे. ज्याचा खरा प्रवास लोकलने होतो आणि गाडी फक्त स्थानकाबाहेर उभी राहते, त्याने डिझेलच्या स्वस्ताईला भुलू नये. त्याच्यासाठी साधी पेट्रोल गाडी खिशालाही हलकी आणि हवेलाही बरी.