सतारीची परीक्षा : आधी कान, मग बोटं

मित्रांनो, शाळेच्या परीक्षेत पेन नीट चालतंय का, याला गुण नसतात. सतारीच्या परीक्षेचं मात्र तसं नाही. वाद्य सुरात नसेल तर पुढचं सगळं वादन बिघडतं. घरी छान जुळवलेली सतार साताऱ्याहून एसटीने परीक्षाकेंद्रावर नेली, की धक्क्यांनी नि उन्हाने तिच्या तारा उतरतात. मग खोलीबाहेर एकच गडबड उडते, "सर, जरा लावून द्या ना!"

या परीक्षा आल्या कुठून? त्यासाठी मिरजेला जायला हवं. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली. शाळा सुटली, पण मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचं गाणं सुरू झालं. त्या काळी विद्या मिळवायची तर गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहावं लागे. गाणं शिकणाऱ्याला समाजात फारसा मानही नव्हता. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथे वर्ग, अभ्यासक्रम, स्वरलिपी नि परीक्षा असं सगळं शिस्तीत सुरू झालं. १९३१ साली ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या त्याच मंडळाच्या. म्हणजे परीक्षा आली ती मुलांना घाबरवायला नव्हे, तर संगीताचं दार सगळ्यांना उघडायला!

आता सतारीकडे वळू. तीही मिरजेचीच. १८५०च्या सुमारास इथल्या फरीदसाहेबांनी सतारी बनवायला सुरुवात केली. ते शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्या घराण्यातले. तलवारींची मागणी घटली आणि तेच कसबी हात तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूर भागातला कडू भोपळा वाळवून त्याचा तुंबा करतात आणि दांडीला तुणीचं लाकूड वापरतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

सतार जुळवायची कशी? वरच्या मुख्य तारांपैकी बाजाची तार मंद्र मध्यमात लावतात आणि जोडीची मंद्र षड्जात. खाली तरफेच्या बारीक तारा असतात. त्या रागाच्या स्वरांप्रमाणे लावायच्या. मोठा फरक खुंटीने काढायचा आणि केसभर फरक तारेत ओवलेल्या मण्याने. पडदेही दोऱ्याने बांधलेले असतात. भैरव वाजवायचा तर रिषभ-धैवताचे पडदे कोमल स्वरांवर सरकवावे लागतात. जुळलेल्या सतारीवर नखीने 'दा' वाजवला की तरफा आपोआप झंकारतात. बेसूर सतारीवर त्या गप्प बसतात. वाद्य स्वतःच सांगतं, पास की नापास!

व्हायोलिनला तर पडदेच नसतात, सगळी भिस्त कानावर. बाळकृष्णबुवांचेच शिष्य अंतुबुवा जोशी सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानात गायक होते. तिथला संगीत महोत्सव त्यांनी १९४० साली सुरू केला. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा उत्तम गायक तर होतेच, शिवाय व्हायोलिनवादकही होते. गळा आणि वाद्य वेगळी असली, तरी दोन्हींना कान एकच लागतो.

पालकांनो, आता थोडं तुमच्याशी. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून भराभर पायऱ्या चढायची घाई वाढली आहे. मूल ठरावीक गती पाठ करून वाजवतं. पण परीक्षकांनी "तीनताल हातावर धरा बरं" म्हटलं की सोळा मात्रांत खाली नवव्या मात्रेवर येते, हेच आठवत नाही. गुण पडतात, प्रमाणपत्राला चौकट होते आणि सतार कपाटावर चढते. यापेक्षा एक परीक्षा उशिरा दिली तर काय बिघडलं? मुलाला "किती राग झाले?" असं विचारण्याऐवजी "आज सतार कुणी लावली?" असं विचारा.

मित्रांनो, परीक्षेच्या दिवशी तासभर आधी पोहोचा. सतार खोळीतून काढून थोडा वेळ ठेवा, मगच तारा जुळवा. जादा नखी आणि तारा जवळ असू द्या. वाजवताना तार उतरली तर घाबरू नका. "जरा जुळवून घेतो" म्हणा आणि शांतपणे जुळवा. यात लाज कसली? मोठमोठे कलाकार भर मैफिलीत तेच करतात.

आज रियाजाला बसाल तेव्हा गुरुजींना सतार लगेच देऊ नका. तानपुऱ्याचा षड्ज ऐका आणि जोडीची तार स्वतः मिळवून बघा. मग विचारा, "जुळली का?" पहिल्या दिवशी नाही जुळणार, महिनाभर रोज करा. एक दिवस गुरुजी नुसती मान डोलवतील. ती परीक्षा मात्र तुम्हालाच पास व्हायची आहे.