खवीस कोणत्या जातीचा?

कोकणात भुतांना तोटा नाही. पिंपळावर मुंजा, पडक्या वाड्यात समंध, खाडीत गिऱ्हा, शिवेवर देवचार, आडवाटेला चकवा आणि या सगळ्यांचा राजा वेताळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही वाडीत पावसाळ्याच्या रात्री वीज गेली की ही मंडळी जागी होतात. लहानपणी आम्हीही गोधडीत तोंड लपवून या गोष्टी ऐकल्या आहेत. त्यात मजा होती, हे नाकारण्याचे कारण नाही.

पण वाचकहो, या भुतांची एकदा उलटतपासणी घ्या. मुंजा कोण? मुंज होऊन लग्नाआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा. समंध कोण? धनात जीव अडकलेला ब्राह्मण. देवचार शूद्राचा. आणि खवीस? कोणी सांगतो मुसलमानाचा, कोणी सांगतो महार-मांगाचा. म्हणजे देह जळाला तरी जात जळाली नाही! मुंजा खोड्या काढतो, समंध ठेव्यावर बसून राहतो, देवचाराला वर्षाकाठी नारळ-कोंबडा मिळाला की तो गावाची राखण करतो. खवीस मात्र क्रूर, धरले की न सोडणारा. जिवंतपणी ज्याची सावली चालत नव्हती, मेल्यावर त्याचीच सर्वांत जास्त भीती! चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हेच.

कोकणातल्या या समजुती आर. ई. एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१५ साली पुस्तकरूपाने छापल्या. माहिती जमवली होती ए. एम. टी. जॅक्सन यांनी. (१९०९ साली नाशिकला अनंत कान्हेरेंनी ज्यांना गोळ्या घातल्या तेच हे कलेक्टर.) आणि ती पुरवली शाळामास्तरांनी. त्या काळी मास्तर कोणत्या समाजातले असत, हे वेगळे सांगायला नको. महारवाड्यात जाऊन कोणी विचारले असेल, असे आम्हाला वाटत नाही.

आजही आजारी माणसाला 'बाहेरचे लागले' म्हणतात. गावाच्या बाहेर कोण राहत होते? मयताचा सांगावा घेऊन गावोगाव कोण धावत होते? मढ्यावरचे कापड कोणाच्या वाट्याला येत होते? मरणाशी संबंध असलेली सगळी कामे ज्यांच्या गळ्यात बांधली, भूतही त्यांच्याच नावावर चढवले.

इथपर्यंत दोष दुसऱ्यांना देता येतो. पुढचे सांगताना आम्हालाच लाज वाटते.

आमच्याच एका बौद्धवाडीत एक विधवा म्हातारी राहते. भावकीतल्या पोराचा ताप उतरेना. डॉक्टरकडे नेण्याआधी भगत आला. त्याने तांदूळ मांडून सांगितले, "हे बाहेरचे नाही, वाडीतलेच आहे." पुढे पोर दवाखान्यात गेले, लेप्टोचे निदान झाले, औषधाने बरेही झाले. पण म्हातारीवरचे बालंट गेले नाही. नळावर तिची कळशी शेवटी. तिने हात लावलेला नळ धुऊन घ्यायचा. विहारात वंदनेला आली की बायका सरकून बसायच्या. समोर भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली हा विटाळ! बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान नाकारणारा आमचा समाज. धम्मात आत्माच नाही, तर मग भूत कोणाचे? हे आम्ही त्या वाडीच्या बैठकीत विचारले. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी कळशी पुन्हा शेवटीच.

आमचे काही विद्वान मित्र म्हणतात, भुतांना हात लावाल तर लोकसंस्कृती मरेल. त्यांनी जपानकडे बघावे. तिथल्या अशा प्राण्यांना, भुतांना 'योकाई' म्हणतात. आमच्या गिऱ्ह्यासारखा तिथे 'काप्पा' आहे. डोक्यावर पाण्याची खळगी, आणि माणसाला नदीत ओढतो. १८५८ साली एका बौद्ध मंदिरातल्या घराण्यात जन्मलेल्या इनोऊए एन्र्यो या विचारवंताने अशा कहाण्या देशभर फिरून जमवल्या आणि एकेकीचे कारण शोधले. तीन काठ्यांच्या तिवईवर हात ठेवून आत्म्याला प्रश्न विचारायचे वेड तेव्हा पसरले होते. तिवई आत्म्याने हलत नाही, माणसांच्या हातांनीच नकळत हलते, हे त्याने दाखवून दिले. लोक त्याला भुतांचा डॉक्टर म्हणू लागले. काप्पा मेला नाही, तो गोष्टींत आणि चित्रांत मजेत आहे.

मात्र जपानलाही डोक्यावर घेऊ नका. तिथल्या बुराकू या बहिष्कृत समाजाच्या मृतांना बौद्ध मंदिरांनीच मरणोत्तर नावे देताना 'पशू' अशा अर्थाची अक्षरे थडग्यांवर कोरली होती. १९७९ साली सोतो पंथाच्या एका बड्या पदाधिकाऱ्याने अमेरिकेतल्या परिषदेत असा भेदभाव जपानात नाहीच म्हणून सांगितले. पुढे त्यांना चूक कबूल करावी लागली.

म्हातारीला घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो तर तक्रार अदखलपात्र म्हणून लिहिली गेली. "घरगुती भांडण आहे, साहेब." डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये कायदा आला. त्यात एखाद्यावर करणी-जादूटोण्याचा आळ घेऊन त्याचे जगणे कठीण करणे हा गुन्हा आहे. दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. तो कायदा आम्हाला ठाण्यातच उघडून वाचून दाखवावा लागला, तेव्हा कुठे गुन्हा नोंदला. ॲट्रॉसिटी कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने चेटकिणीच्या आळाचे कलम आले आहे, पण ते आळ घेणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तरच लागते. इथे आळ घेणारे आमचेच होते.

साक्षीदार अजून तयार नाहीत. ज्या पोराला ताप आला होता त्याची आईच कबूल झाली होती, परवा तिनेही नकार कळवला. म्हातारी दर तारखेला पहिल्या एस. टी.ने येते आणि कोर्टाच्या पायरीवर बसून असते. मागच्या खेपेला तिने विचारले, "बाळा, त्या भगताला हितं उभा करनार ना? त्याला इचार, माझ्या अंगात कोन हाय त्ये."