मॅरेथॉनकडून अडथळ्यांच्या वाटेवर

मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे भारतीय महिलांत अव्वल ठरल्यावर ललिता बाबरने तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे मोर्चा वळवला. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्याच्या मोही गावातील या धावपटूचा हा निर्णय धाडसीच होता. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या असतात. नुसता दमसास पुरत नाही. त्याच वर्षी तिने आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ९ मिनिटे १९.७६ सेकंदांच्या राष्ट्रीय विक्रमासह तिने अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारतीय महिला ट्रॅकवरील अंतिम शर्यतीत उतरली होती. ललिता दहावी आली. पदक हुकले, पण वाट मोकळी झाली. २०२३ मध्ये पारुल चौधरीने तिचा विक्रम मोडला.