‘शीक’चा वारसा मोजायचा कसा?

‘अमुक बँडचा पुढच्या संगीतावर मोठा प्रभाव पडला’ असं प्रपोजलमध्ये लिहिलं, की गाईड हमखास विचारतात: प्रभाव म्हणजे नक्की काय, आणि तो दिसणार कुठे? ‘शीक’ हा न्यूयॉर्कचा डिस्को ग्रुप यासाठी झकास केस आहे. गिटारवर नाईल रॉजर्स, बेसवर बर्नार्ड एडवर्ड्स, ड्रम्सवर टोनी थॉम्पसन.

१२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्को रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटाने उडवला गेला. गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात शीकचं ‘गुड टाइम्स’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं! या गाण्याच्या लांब आवृत्तीत मध्येच बाकीची वाद्यं गळतात आणि बेस-ड्रम्स तेवढे उरतात. डीजेंना आणि रॅपर्सना हवी असलेली मोकळी जागा ती हीच. त्याच वर्षी ‘रॅपर्स डिलाइट’ आलं, याच बेसलाइनवर. ती सॅम्पल केलेली नव्हती बरं का. स्टुडिओत वादकांनी नव्याने वाजवली होती. रॉजर्स-एडवर्ड्सनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिल्यावर गीतकार-संगीतकार म्हणून त्यांची नावं लागली.

म्हणजे श्रेय-नोंदी हा आपला डेटा? थांबा. क्वीनचं १९८० चं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ ऐका. बेसची चाल लगेच नातं सांगते, आणि ते लिहिणारा जॉन डीकन शीकसोबत स्टुडिओत वेळ घालवून आला होता. श्रेय मात्र एकट्या डीकनचं. श्रेय मोजलं तर इथे प्रभाव शून्य येतो. नुसत्या कानावर विसंबलो, तर कुठलंही साम्य ‘प्रभाव’ ठरेल. माझ्या मते दोन्ही निर्देशक वेगवेगळे नोंदवावेत, एकाच आकड्यात कोंबू नयेत.

तिसरी वाट माणसांची, आणि मला तीच जास्त भक्कम वाटते. डेव्हिड बोवीचा ‘लेट्स डान्स’ (१९८३) आणि मडोनाचा ‘लाइक अ व्हर्जिन’ (१९८४) यांच्या निर्मितीत रॉजर्स होता. डाफ्ट पंकच्या ‘गेट लकी’त (२०१३) त्याची गिटार आहे. उजवा हात अखंड चालू, डावा तारा दाबून-सोडून आवाज तोडणारा. इथे चाल उसनी नाही, वाजवणारा हातच तिथे पोचलाय. सॅम्पल्सच्या यादीत हे सापडणार नाही.

आणि पुरस्कारांवरून मोजायचं म्हणाल, तर रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमसाठी शीकचं नामांकन ११ वेळा झालं, निवड एकदाही नाही. २०१७ मध्ये सन्मान मिळाला तो एकट्या रॉजर्सला.