एका पानाचं झाड

पोरांनो, मळ्यातल्या आंब्याखाली जे हिरवं छत्र उभं आहे, त्याला फांद्या किती, असं काल धाकटीनं विचारलं. एकही नाही. खोडही नाही! कंबरेएवढा वर आलेला तो जाड, ठिपक्याठिपक्यांचा सोट म्हणजे पानाचा देठ. वर तीन बाजूंना फुटून पसरलेला सगळा पसारा म्हणजे एकच पान. सुरण वर्षाकाठी बहुधा एवढं एकच पान काढतो आणि सगळी कमाई त्याच्यावरच करतो.

जरा देठाला हात लावून बघा. बाहेरून कसा खरखरीत लागतो! आत मात्र लाकूड नावालाही नाही. पेशींमध्ये भरलेल्या पाण्याच्या दाबावर हा ताठ उभा असतो, म्हणून पाणी तुटलं की मान टाकतो. आणि हे पांढुरके डाग पाहिलेत? आजी मसाल्यात दगडफूल घालते, ते झाडांच्या सालीवर असेच चट्टे धरतं. विल्हेल्म बार्टलॉट नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं तर्क मांडला की हे डाग म्हणजे सोंग आहे. रानातल्या मोठ्या जनावराला हा कोवळा देठ दगडफुलानं माखलेला जुना, टणक बुंधा वाटावा आणि त्यानं तो तुडवू नये. तर्कच आहे, पण मला फार आवडतो. ज्याच्याकडे एकच पान, त्यानं ते जपायला काय काय करावं!

आता आपल्या शिरूर-दौंडकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. भीमा जिथून निघते त्या भीमाशंकरच्या रानात पावसाळाभर झड लागते. तिथलं पाणी आपल्यापर्यंत पोचतं, ढग मात्र वाटेतच रिते होतात. सुरण आहे ओलसर रानातला, झाडांच्या विरळ सावलीत वाढणारा. म्हणून त्याला इथं ते रान करून द्यावं लागतं. उघड्या माळावर नको, चिंचेच्या अगदी बुडाशीही नको. आंब्याच्या घेराच्या कडेला, जिथं सकाळचं ऊन येतं आणि दुपारी सावली, ती जागा मला पसंत आहे. उन्हाळ्याच्या शेवटी हातभर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्यायचा, कुजलेलं शेणखत मातीत मिसळायचं आणि अर्धा ते एक किलोचा गड्डा डोळा वर करून पुरायचा. मोठा गड्डा चिरून लावायचा असेल, तर प्रत्येक फोडीला मधल्या डोळ्याचा तुकडा आलाच पाहिजे. चिरलेली बाजू शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवायची. वरून उसाचं पाचट अंथरायचं. आपल्याकडे ऊसतोडीनंतर लोक ते पेटवून देतात, मला फार वाईट वाटतं. त्याच पाचटाखाली ओल टिकते आणि तण दबतं.

मग जमिनीत एक गंमत चालते. पेरलेला जुना गड्डा कोंबाला खाऊ घालून सुरकुततो, संपतो. पान उन्हातून जे अन्न बनवतं, त्यातून वरच्या अंगाला नवा गड्डा भरतो. म्हणजे आपण जो खणून काढतो, तो लावलेला नव्हेच. म्हणून सांगतो, खेळताना ते पान मोडू नका. वर्षभराचं भांडवल आहे ते.

आणि कच्चा सुरण चाखून बघायचा नाही हं! त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांचे जुडगे असतात. जिभेत, घशात त्या टोचतात आणि खाज सुटते. आजी हाताला तेल लावून फोडी करते, त्यात चिंच घालते आणि चांगलं शिजवते. मोराच्या चिंचोलीसारखं चिंचांचं गाव ज्या तालुक्यात आहे, तिथं चिंचेला तोटा नाही. सह्याद्रीपलीकडे, कोकणात, सुरणाचंच भावंड असलेलं शेवळ पहिल्या पावसात उगवतं. त्याची भाजी करताना बायका काकडाची आंबट फळं टाकतात. डोंगराच्या दोन्ही अंगांना उपाय आंबटाचाच.

हिवाळ्यात पान पिवळं पडून लवंडलं की पाणी तोडायचं आणि गड्डे काढायचे. एक मात्र मी जमिनीतच ठेवणार आहे. काही वर्षं पोसून तो पुरेसा मोठा झाला, की पानाआधी फूल काढील. जांभळट, सुरकुतलेलं, जमिनीलगत बसलेलं. त्याचा मधला दांडा स्वतःहून गरम होतो आणि मेलेल्या जनावराची दुर्गंधी सोडतो. त्या वासाला भुलून किडे येतात. आधी मादीफुलं तयार होतात, नरफुलांचे पराग नंतर सुटतात, म्हणून त्याच फुलाचा पराग त्यालाच लागणं टळतं. याच कुळातला सुमात्राचा टायटन अरम माणसाहूनही उंच फुलतो. 1926 मध्ये लंडनच्या क्यू बागेत तो उमलला, तेव्हा बघ्यांची रीघ लागली होती. आपलं फूल त्यापुढे ठेंगणं, पण वास चोख. तो गड्डा मी घरापासून लांब, विहिरीकडच्या आंब्याखाली लावलाय.